‘जीवन’ला कंचा?

वक्तृत्व स्पर्धेच्या गुणपत्रकात पाच रकाने असतात : आशय, मांडणी, भाषा, उच्चार, सादरीकरण. काही ठिकाणी ‘वेळेचे भान’ हा सहावा. तालुक्याची स्पर्धा असो की जिल्ह्याची, छपाई बदलते, रकाने तेच राहतात. मी 1996 पासून माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो आणि बरीच वर्षं डिसेंबर-जानेवारीत कुठल्या ना कुठल्या सभागृहात पहिल्या रांगेतल्या टेबलामागे बसून हे रकाने भरतो. शेवटी शाल, नारळ आणि पाकीट मिळतं. शाली इतक्या साठल्यात की बायको आता त्या बोहारणीलाही दाखवत नाही.

सांगायचं आहे ते चौथ्या रकान्याबद्दल.

मी स्वतः ‘ण’ कमावलेला माणूस आहे. आमचं गाव खटाव तालुक्यातलं. घरात पानी, लोनी, दानं, कनीस. ‘ण’ फक्त पुस्तकात लिहायचा, बोलायचा नाही. 1994 साली पुण्यात बी.एड.ला गेलो. पहिल्याच सराव पाठाला आठवीच्या वर्गात मी ‘कोन सांगेल?’ असं विचारलं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, ‘काटकोन!’ वर्ग हसला. निरीक्षकांनी पाठाच्या वहीत लाल शाईनं लिहिलं, ‘वर्णोच्चार सुधारा.’ त्यानंतर दोन महिने वसतिगृहाच्या न्हाणीघरात नळ सोडून मी ‘पाणी, आणि, लोणी’ घोकत होतो. जीभ उलटी वळवून टाळूला लावायची आणि सोडायची. दिवाळीला घरी गेलो तेव्हा आई म्हणाली, ‘लई सायबावानी बोलाय लागलास.’ तिनं ते कौतुकानं म्हटलं की कसं, हे मला तेव्हा कळलं नाही. अजूनही नक्की सांगता येत नाही.

एवढ्या कष्टानं मिळालेली गोष्ट माणूस दुसऱ्याला द्यायला उतावीळ असतो. पुढं माण तालुक्यातल्या शाळेत लागलो तेव्हा मीही तसाच उतावीळ होतो.

2012 साली पाऊस झालाच नाही म्हणायला हरकत नाही. माण तसा कायमच कोरडा. सातारा जिल्ह्याचा नकाशा समोर धरला तर पश्चिमेला महाबळेश्वर, वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस; आणि पूर्वेच्या टोकाला आम्ही, 500 च्या आतबाहेर. जिल्हा एक, कलेक्टर एक. त्या वर्षी तेवढाही पडला नाही. माणगंगेच्या पात्रातून पोरं सायकली घालून शाळेत यायची. म्हसवडकडं, दहिवडीकडं जनावरांच्या छावण्या उभ्या राहिल्या. घरातलं एक माणूस जनावरांबरोबर छावणीत, बाकीचे घरी, असं गावोगाव चाललं होतं.

माझ्या नववीच्या वर्गातला एक मुलगा आज्याबरोबर छावणीत राहायचा. दोन म्हशी, एक गाय, एक कालवड. शाळा सुटली की दप्तर घेऊन तिकडंच. ताडपत्रीखाली बसून अभ्यास करायचा. वह्यांना उसाच्या वाढ्याचा वास यायचा, आणि एकदा निबंधाच्या वहीचा कोपरा कालवडीनं खाल्ला होता. त्यानं तसं लेखी कळवलं होतं, खालच्या ओळीत, अर्जाच्या भाषेत : ‘सदर पान जनावराने खाल्ले असे.’

पोरगं बोलायचं फार चांगलं. व्यासपीठावरचं नव्हे, असंच, मधल्या सुट्टीत चार पोरांत. कुठलीही गोष्ट सांगायला लागला की पोरं डबा खायची थांबायची. मी हेरलं आणि डिसेंबरच्या तालुका फेरीला त्याचं नाव दिलं.

यशवंतराव चव्हाणांच्या जन्मशताब्दीचं ते वर्ष होतं, त्यामुळे पहिला विषय यशवंतराव. दुसरा मोबाईल, शाप की वरदान. हा विषय मी निवृत्त झाल्यावरही राहील. तिसरा पाणी : काल, आज आणि उद्या. पोरानं तिसरा घेतला. भाषण अर्थातच मी लिहिलं. याबद्दल कुणी नवल करू नये. शालेय स्पर्धेतली बहुतेक भाषणं शिक्षक लिहितात नाहीतर पालक, हे परीक्षकांना माहीत असतं, आयोजकांना माहीत असतं, आणि बक्षीस समारंभात ‘चिमुकल्यांचे विचार ऐकून थक्क झालो’ म्हणणाऱ्या पाहुण्यांनाही माहीत असतं.

आमच्या भागात भाषणाचा एक साचाही तयार होता. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य शिवाजीराव भोसले यांची व्याख्यानं आम्ही कॅसेटवर ऐकून ऐकून झिजवलेली. 2010 साली ते गेले, पण त्यांची ती संथ, तोलून मापून पडणारी वाक्यं आमच्या कानात बसलेली. मूळ माणसाकडं त्या वाक्यांमागं अफाट वाचन होतं. आमच्याकडं नुसती चाल होती. मी पाच मिनिटांचं भाषण त्या चालीत लिहिलं. पृथ्वीवरच्या पाण्यातलं 97 टक्के खारं, असं सुरुवातीला. मध्ये शिवकाळातल्या विहिरी आणि तळी. मग ‘पाणी म्हणजे जीवन’ हे तीनदा, चढत्या आवाजात.

ते वाचून दाखवलं तेव्हा पोरगं जरा गप्प राहिलं. मग म्हणालं, ‘सर, छावनीतलं घालू का थोडं?’

‘सांग बघू.’

‘जनावरास्नी आपुन पानी दाखवलं असं म्हनतो न्हवं का? तर छावनीत खरंच नुस्तं दाखवत्यात, सर. टँकर येतो, हौदात पानी पडतं, मोठी जित्राबं म्होरं घुसत्यात. आमची कालवड मागनं बघती. बघून परत येती. आजा म्हनतो, आज हिला पानी दाखवलं.’

मी हसलो, बरं वाटलं असंही म्हणालो. आणि ते घेतलं नाही. सभागृहातल्या लोकांना ‘पाणी दाखवणं’ कळणार नाही, असं मला वाटलं. शिवाय टँकर, हौद, जित्राबं हे शब्द माझ्या चालीत बसेनात. त्या जागी मी ‘मुक्या प्राण्यांचा टाहो’ असे तीन शब्द टाकले. मला आजही ते तीन शब्द जसेच्या तसे आठवतात.

मग उच्चार. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास. जीभ वळव, टाळूला लाव, सोड. पाणी. आणि. लोणी. कणीस. दाणा. वेणी. पोरगं जिद्दीचं होतं. छावणीच्या वाटेनं हेच म्हणत जायचं. आज्यानं विचारलं, ‘काय रं, जीभ भाजली का?’ हे त्यानंच मला हसत हसत सांगितलं. तालुक्याला पहिला आला. तीन आठवड्यांनी साताऱ्याला अंतिम फेरी होती, त्यात अकरा जण निवडलेले. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी टाळ्या वाजवायला लावल्या आणि प्रवासखर्चाचे तीनशे रुपये मंजूर केले.

जानेवारीतल्या त्या सकाळी आम्ही दहिवडीहून एसटीनं निघालो. पुसेगाव, कोरेगाव मागं पडलं. पोरगं खिडकीशी, ओठ हलताहेत, भाषण चालू आहे. साताऱ्याच्या अलीकडं संगम माहुलीला रस्ता कृष्णा ओलांडतो. गाडी पुलावर आली तसे त्याचे ओठ थांबले. नदीत पाणी होतं. जानेवारीत, भरपूर, हिरवट, वाहतं. बायका धुणं धूत होत्या. पोरगं बघत राहिलं, मान वळवून पूल संपेपर्यंत. मग मला म्हणालं, ‘सर, ह्ये सगळं पानी खाली कुटं जातं?’

मी म्हणालो, ‘पाणी. पाणी म्हण. आज चूक नको.’

‘पाणी,’ तो म्हणाला, आणि पुन्हा भाषणाकडं वळला.

प्रश्न चांगला होता. कृष्णेचं पाणी उचलून खटाव-माणला द्यायच्या जिहे-कठापूर योजनेचं नाव आम्ही नव्वदच्या दशकापासून ऐकत होतो; पाणी कुठं जातं, आपल्याकडं का येत नाही, यावर तासभर बोलता आलं असतं. ‘पाणी : काल, आज आणि उद्या’ या विषयावर त्या दिवशी जे काही बोललं गेलं, त्यात हा एकच प्रश्न खरा होता, आणि तो एसटीत विचारला गेला, आणि मी त्याचं शुद्धलेखन तपासलं.

सभागृह मोठं होतं. चिठ्ठीत त्याचा सातवा क्रमांक आला. आधीच्या सहांपैकी चौघांनी पाण्यावरच भाषण केलं आणि चौघांचंही 97 टक्के खारं होतं. सातव्याचं नाव पुकारलं. माझाच सदरा इस्त्री करून त्याला घातला होता, बाह्या दुमडून. सन्माननीय व्यासपीठ, परीक्षक महोदय, पूज्य गुरुजनवर्ग झालं. पहिली दोन मिनिटं मी फक्त ‘ण’ मोजत होतो. पाणी, बरोबर. धरण, बरोबर. पाषाण, बरोबर. मी मनातल्या मनात चौथा रकाना भरून टाकला होता.

तिसऱ्या मिनिटाला तो पुढं सरकला, उजवा हात वर केला, ठरल्याप्रमाणं, आणि म्हणाला, ‘पाणी म्हणजे जीवण!’

तिसऱ्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याला वाटलं आवाज कमी पडला. दुसऱ्यांदा जास्त जोरात म्हणाला, ‘पाणी म्हणजे जीवण!’ आता पाच-सहा जण हसले. त्याला कळलं की काहीतरी चुकतंय. काय, ते कळलं नाही. पुढच्या वाक्यात ‘मणुष्य’ आला. मग ‘दुष्काळाणं’. त्यानंतर प्रत्येक ‘न’ आणि ‘ण’ च्या अलीकडं तो क्षणभर थांबायला लागला. शेवाळ धरलेल्या दगडावरून नदी ओलांडताना माणूस पुढचा दगड पायानं चाचपतो, तसा. ‘मुक्या प्राण्यांचा’ला तर तो पुरता थबकला. चौथ्या मिनिटाची घंटा झाली. पाचव्या मिनिटाची झाली. शेवट राहिला. तो नमस्कार करून खाली आला.

हे कसं होतं ते आता मला माहीत आहे. ज्याच्या तोंडात दोन्हींना मिळून एकच आवाज असतो, त्याला ‘तुझा न चूक’ एवढंच सांगितलं, तर तो सगळेच ‘न’ टाकून देतो. मी त्याला ‘ण’ कुठं लावायचा ते शिकवलं होतं. कुठं लावायचा नाही, ते शिकवलं नव्हतं. स्वतः शिकताना मीही काही दिवस ‘आणंद’ म्हणत होतो. विसरलो होतो.

तो माझ्या शेजारी येऊन बसला. मी पाठीवर हात ठेवून ‘छान झालं’ म्हणालो. आठवा स्पर्धक बोलत होता. थोड्या वेळानं तो माझ्या कानाशी येऊन, अगदी हळू म्हणाला, ‘सर, ‘जीवन’ला कंचा?’

त्याला उत्तेजनार्थ मिळालं. चहाच्या वेळी एक परीक्षक भेटले, सज्जन गृहस्थ. म्हणाले, ‘मुलगा हुशार आहे हो, पण उच्चारात गेला. दहात तीन दिले मी. तुम्ही जरा लक्ष द्यायला हवं होतं.’ मी ‘हो’ म्हणालो. त्यांना काय सांगणार, की लक्ष दिलं म्हणूनच गेला?

इथं मी सुधारलो असं लिहायला बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. पुढच्या वर्षापासून मलाच परीक्षक म्हणून बोलावणी यायला लागली आणि मीही चौथ्या रकान्यात कापतच राहिलो. ‘पानी’ आलं की पेन आपोआप चालायचं. कारण साधं आहे. आशयाला गुण देताना विचार करावा लागतो. भाषण शिक्षकाचं किती, पोराचं किती, याचा अंदाज घ्यावा लागतो. उच्चाराचं तसं नाही. चूक ऐकू येते, मोजता येते, आणि कुणी पालक भांडायला आला तर दाखवता येते. दमलेल्या परीक्षकाचा तो सगळ्यात लाडका रकाना असतो. अकरा-बारा भाषणांनंतर सगळेच दमलेले असतात.

मग एका वर्षी 20 डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, एका स्पर्धेत बसलो होतो. विषय अर्थात गाडगेबाबा. एकामागून एक मुलं येऊन स्वच्छ, घासूनपुसून घेतलेल्या मराठीत सांगत होती की बाबा अशिक्षित होते, तरी त्यांच्या कीर्तनाला हजारोंनी माणसं जमत, ते वऱ्हाडी बोलीत लोकांना साधे प्रश्न विचारत आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. मी शेजारच्या परीक्षकांना सहज म्हणालो, ‘बाबा स्वतः आले असते तर चौथ्या रकान्यात किती दिले असते?’ ते हसले. म्हणाले, ‘नियमानं तीन.’ तेच तीन.

त्यानंतर गोष्टी दिसायला लागल्या. वर्गात आम्ही व्यंकटेश माडगूळकर शिकवतो. ‘माणदेशी माणसं’, ‘बनगरवाडी’. बोलीतले संवाद मोठ्यानं वाचून दाखवतो, त्यातला गोडवा कसा, जिवंतपणा कसा, यावर प्रश्न काढतो, चार गुणांचे. आटपाडी तालुक्यातलं माडगूळ आमच्यापासून काही लांब नाही. ती माणसं आमचीच, ती भाषा आमच्या वर्गातल्या पोरांच्या घरची. पुस्तकात ती आली की साहित्य आणि पोराच्या तोंडून आली की चूक. बहिणाबाईंवरही दरवर्षी भाषणं होतात. त्यातही बहिणाबाईंची बोली बोलणाऱ्या पोरीचे गुण जातात आणि बहिणाबाईंबद्दल प्रमाण भाषेत बोलणारी पोरगी करंडक नेते.

‘ण’ मी आजही शिकवतो. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बँकेत, मुलाखतीत, पोलीस भरतीच्या रांगेत पलीकडच्या खुर्चीवरचा माणूस पहिल्या दोन वाक्यांत तुमचं गाव ओळखतो आणि त्याप्रमाणं आवाज चढवतो, हे मी भोगलेलं आहे. पोरांना ते हत्यार द्यायलाच हवं. फक्त आता मी वर्गात ‘न’ आणि ‘ण’ चे शब्द जोडीनं घेतो, मन आणि मण, पान आणि पाण्यातला पाण. कान पहिल्यांदा, जीभ नंतर. आणि ‘चूक’ हा शब्द वापरत नाही. घरचा न आणि शाळेचा ण, असं म्हणतो. भाषण लिहून देणं मी बंद केलं. त्यामुळे आमच्या शाळेला गेल्या काही वर्षांत करंडक मिळालेला नाही, याची मुख्याध्यापक अधूनमधून आठवण करून देतात.

तो मुलगा पुन्हा कधी व्यासपीठावर चढला नाही. दहावीला मी त्याला विचारलं होतं. ‘नको सर’ म्हणाला. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पुढं बारावी करून कुठं गेला, मला माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एका नातेवाइकाबरोबर आटपाडीला डाळिंबाच्या सौद्याला गेलो होतो. क्रेटच्या थप्प्या, मधून वाट, भोवती व्यापारी, आणि वर उभा राहून एक जण बोली पुकारतोय. आवाज ओळखीचा वाटला. बघतो तर हाच. काय बोलत होता! दर, माल, शेतकऱ्याचं गाव, मध्येच एखाद्या व्यापाऱ्याला चिमटा, लगेच पुढचा दर. चाळीस-पन्नास माणसं त्याच्या तोंडाकडं बघत होती आणि एकाचंही लक्ष हलत नव्हतं. अर्धा तास पाणी न पिता बोलला. ‘दानं बगा दानं, मान्कावानी!’ असं काहीसं म्हणाला आणि दर वर गेला.

सौदा संपल्यावर भेटला. पाया पडला, चहा पाजला. आज्याबद्दल विचारलं, आजा गेला म्हणाला, म्हशी अजून आहेत. मला ती स्पर्धा काढायची नव्हती, त्यानंच काढली.

‘सर, तुमचा ण हाय बरं का माझ्याकडं अजून. ठेवलाय नीट. बँकेत गेलो, तहसिलात गेलो, की काढतो.’

‘आणि इथं?’

‘हितं कशाला? हितं माल इकायचा असतो.’

मी हसलो. तोही हसला. मग मी त्याला विचारलं की ‘पाणी दाखवलं’वरचं ते तुझं बोलणं आठवतं का. त्याला आठवत नव्हतं. कालवड आठवत होती. ती त्याच उन्हाळ्यात विकली, म्हणाला.

तेव्हापासून आजवर मी पाण्यावरची शंभरेक तरी शालेय भाषणं ऐकली असतील. ‘पाणी दाखवलं’ हे कुणाच्याही भाषणात आलेलं नाही. 97 टक्के खारं मात्र दर वर्षी येतं.

येत्या डिसेंबरात तुमच्यापैकी कुणाला परीक्षक म्हणून बोलावणं येईल. गुणपत्रकात चौथा रकाना असेलच, तो काढून टाका असं आयोजकांना सांगून मी पाहिलं आहे, ऐकत नाहीत. तेव्हा एवढंच करा. पोर बोलत असेल तोवर त्या रकान्यावर पेन टेकवू नका. बाकीचे चार भरून होऊ द्या, पोराला खाली येऊन जागेवर बसू द्या, आणि मग, सगळ्यात शेवटी, तो भरा.